आबांची नागीण आणि गाठीतली शीव

तुम्ही काय काम करता, असं कुणी विचारलं की मी हल्ली "रक्तातल्या पेशी गरगर फिरवते" एवढंच सांगते. सविस्तर सांगायला गेलं की समोरच्याचा चहा गार होतो. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत एका गोल डबीत माणसाच्या पांढऱ्या पेशी ठेवायच्या आणि ती डबी संथपणे फिरवत ठेवायची. मग त्या पेशींना वर कुठे नि खाली कुठे हे कळेनासं होतं. अवकाशात गेलेल्या माणसाच्या अंगात जे होतं, त्याची ही गरिबाघरची नक्कल. एरवी रोगजंतू दिसला की तावातावाने उठणाऱ्या या पेशी अशा वेळी उठतात की कूस बदलून पुन्हा झोपतात, ते बघणं हे माझं काम. बऱ्याच जणी झोपतात. माझी निम्मी नोकरी त्यांना झोपलेलं बघण्यात गेली, असं आमच्या घरचे म्हणतात.

या कामात माझ्या हाताखाली रंजना आहे. हाताखाली हा शब्द तिला आवडत नाही आणि खरा तर तो लागूही पडत नाही, कारण डबी बिघडली की ती तिलाच दुरुस्त करता येते. रंजना पाटोदा तालुक्यातली. तिचे आईवडील दर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात आणि चैत्राच्या तोंडावर परततात. मग गावची जत्रा भरते. "मॅडम, एकदा जत्रेला चला," असं ती दर वर्षी म्हणायची आणि मी दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायचे. यंदा तिने विचारलंच नाही, माझी पिशवी परस्पर गाडीत ठेवली.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. रंजनाच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, तसं बजावलं आहे. "लोक बघायला येत्याल," असं त्यांचं म्हणणं. ते का, हे पुढे कळेलच.

कडा

नगर सोडून आष्टीच्या रस्त्याला लागलं की पुण्याची सवय झालेल्या डोळ्यांना आधी काहीच दिसत नाही. मग हळूहळू दिसायला लागतं. उन्हाने पिवळे पडलेले माळ, मधेच हट्टाने हिरवा राहिलेला एखादा कडुलिंब, बोडके डोंगर. कडा गावी चहाला थांबलो. हंगाम संपला होता, साखर कारखान्याच्या धुराड्यातून धूर येत नव्हता आणि रस्त्याने मात्र परतणाऱ्या टोळ्यांचे ट्रॅक्टर चालले होते. ट्रॉलीत अख्खा संसार. बाजा, पाण्याच्या टाक्या, भांड्यांची पोती, एक शेळी, कोंबड्यांचं खुराडं आणि सगळ्याच्या वर लुगड्याच्या सावलीत बसलेल्या बाया. एका ट्रॉलीतल्या बाईने माझ्याकडे बघून हात केला. मीही केला. ओळख ना पाळख, पण घरी निघालेल्या माणसाला सगळेच आपले वाटतात.

"आई-आबा परवा असेच आले," रंजना म्हणाली. "आबांचं डोकं लई दुखतंय म्हणे. उन्हाचं असंल." पुण्यात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलणारी ही मुलगी कडा आल्याबरोबर 'लई' म्हणायला लागली. पाटोद्यापर्यंत तिचं 'आहे' जाऊन 'हाय' झालं होतं.

चहाबरोबरची भजी फार उत्तम होती. मी दोन प्लेटी खाल्ल्या, हे रंजनाने सगळ्या गावाला सांगितलं.

पाटोद्याच्या पुढे

गावात शिरण्याआधी शिवेवर रंजनाची आई उभी होती, हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन. साखरबाई काकू. काटक, उंच, बोलायला कमी. आम्हाला गाडीतून उतरवून त्यांनी तो भाकरतुकडा दोघींवरून ओवाळला आणि लांब फेकला. बाहेरून येताना माणसाच्या मागे काय काय लागलेलं असतं, ते शिवेच्या आत येऊ द्यायचं नाही. मला हे फार आवडलं, कारण अवकाशात जाणाऱ्यांनाही उड्डाणाआधी बरेच दिवस वेगळं ठेवतात, तेही याच हेतूने. आपल्याकडे ते भाकरीत भागतं.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. आणि त्यांना बघून मी नमस्कार करायची विसरले. कपाळाची उजवी बाजू भुवईपर्यंत गेरूने लालभडक रंगवलेली, त्याखाली टपोऱ्या फोडांची रांग, उजवी पापणी सुजलेली.

"या म्याडम, बसा," ते म्हणाले. "बघा की, तुमी यायच्या वक्ताला नागीण उठली."

नागीण! मी ज्या विषाणूबद्दल आयुष्यभर वाचत आले, तो समोर गेरू लावून बसला होता.

काकूंनी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी वाढली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचा नि मसाल्याचा कूट; तो या भागात प्रत्येक घरात बरणी भरून असतो. पहिल्या घासाला मला असा ठसका लागला की आबा स्वतःचं दुखणं विसरून हसले. जेवता जेवता मी विचारलं, लहानपणी तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या का? "बाया आल्या व्हत्या की," आबा म्हणाले. या भागात कांजिण्यांना बाया म्हणतात. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावतात, घरात फोडणी देत नाहीत, बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत. बाई सात-आठ दिवस राहते, मग तिची ओटी भरून पाठवणी करतात.

"आबा, तुमच्या बाया गेल्याच नव्हत्या," मी म्हणाले. "त्या तुमच्या नसांमध्ये दडून बसल्या. तुमची अंगातली फौज इतकी वर्षं त्यांच्यावर पहारा देत होती. आता तो पहारा सैल पडला."

"म्हंजी पाव्हणी मुक्कामालाच हाय!" आबांना हे एकदम पटलं. "आन पहारा कावून सैल पडला?"

मग मी जे सांगितलं, ते सांगायला नको होतं असं पुढे वाटलं. मी सांगितलं की वयाने होतं, दमल्याने होतं, झोप मोडल्याने होतं. आणि अवकाशात जाणाऱ्यांचंही असंच होतं. महिनोन् महिने एवढ्याशा जागेत कोंडलेले, वजन हरवलेलं, घरापासून लांब. त्यांच्या अंगातही पहारा सैल पडतो आणि लहानपणापासून दडून बसलेले विषाणू उठतात. बहुतेकांना त्रास काही होत नाही, नुसते थुंकीत सापडतात. पण एखाद्याच्या अंगावर उठतंही. त्यांना तिथे दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवताना दिसतो, मग झोपेचं गणित बसायचं कसं?

"आमाला एकदाबी बघायला सवड न्हाई," आबा म्हणाले. उसाच्या फडात गाडी कधी येईल याचा नेम नसतो. आली की उठायचं, मोळ्या भरायच्या, परत येऊन पाचटाच्या झोपडीत, म्हणजे कोपीत पडायचं, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा कोयता. सहा महिने असं. हे सगळं ते तक्रार म्हणून सांगत नव्हते, आपण आपल्या ऑफिसबद्दल सांगतो तसं सांगत होते.

दिवेलागणीला रंजनाने सगळ्यांना अंगणाच्या कडेला बोलावलं. अवकाश स्थानक गावावरून जाणार होतं. पश्चिमेकडून एक ठळक ठिपका निघाला आणि अजिबात न लुकलुकता डोक्यावरून सरकत गेला. "त्याच्यात माणसं हायती," रंजना म्हणाली. आबांनी सुजलेली पापणी बोटाने वर धरून ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघितलं.

"लांब गेल्याती बिचारी," काकू म्हणाल्या.

जत्रेचा दिवस

सकाळी मी उठले तर अंगणात गर्दी. आबांना नागीण झाली ही बातमी कालच जुनी झाली होती. रॉकेटवाल्यांची नागीण झाली ही ताजी होती. पारावरची अर्धी माणसं आली होती आणि आबा बाजेवर पागोटं घालून बसले होते.

"ही साधी न्हाई बे," ते एका दोस्ताला सांगत होते. "वर जाणाऱ्या मान्सास्नीच उठती. म्याडम पुन्याहून तेवढ्यासाठी आल्याती."

मी कपाळाला हात लावला. घाबरवायला म्हणून नव्हे, समजावं म्हणून सांगितलं, आणि माणसाने त्याचा मान करून घेतला! बघायला आलेल्यांत लहान मुलंही होती. ज्यांना अजून कांजिण्या आलेल्या नाहीत त्यांना या फोडांच्या पाण्याने त्या येऊ शकतात, म्हणून मी आधी पोरांना पिटाळलं. आबांना ते मुळीच आवडलं नाही. प्रेक्षक कमी झाले.

मग मी जवळ जाऊन बघितलं आणि माझं हसू गेलं. नाकाच्या शेंड्यावर एक नवीन फोड आला होता. काल नव्हता.

मी डॉक्टर नाही. पण एवढं वाचलेलं होतं की नाकाच्या शेंड्याला आणि डोळ्याच्या आत जाणारी नस एकच. शेंड्यावर फोड आला तर विषाणू डोळ्याच्या वाटेला लागलेला असू शकतो. खात्री करायला पुण्यातल्या डॉक्टर मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आजच डोळ्यांच्या डॉक्टरकडे ने. उद्या नाही."

रंजनाचा चेहरा उतरला. "मॅडम, मी सांगून ऐकायचे नाहीत. घरात मी अजून तिसरीतलीच हाय."

आणि खरंच आबा ऐकेनात. एक तर नागीण रंगवलेल्या माणसाने गेरू आपोआप उतरेपर्यंत गावची शीव ओलांडायची नसते. ओलांडली की नागिणीची दोन टोकं जुळतात आणि माणूस जातो, असा समज. दुसरं कारण त्यांनी सांगितलं. "सहा म्हैने शिवेच्या भाईर काढल्याती. कालपरवा तर आलोय. आज देवाची काठी वाजत देवळाला निघायची, आन मी बीडला जाऊन बसू? एक डोळा ग्येला तर ग्येला. दुसरा हाय की."

मी चिडखोर बाई आहे, एरवी तडतड बोलले असते. पण जत्रेसाठी सहा महिने दिवस मोजणाऱ्या माणसाला काय बोलणार?

रंजना गजरामावशींना घेऊन आली. याच त्या नागीण रंगवणाऱ्या. ठेंगण्या, दात पडलेल्या, कमरेला चंची. मला वाटलं आता इथे भांडण होणार. मी त्यांना नाकावरचा फोड दाखवला आणि नसेचं सांगितलं. नसेकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, पण फोडाकडे बराच वेळ बघितलं.

"त्वांड डोळ्याकडं वळलंय," त्या म्हणाल्या. "मी रंगवलं तवा असं नव्हतं." आणि घाबरल्या. त्यांची कारणं वेगळी, माझी वेगळी, पण भीती दोघींची एकच होती. "पर शीव कशी वलांडायची?"

अंगणात अजून थांबलेल्या माणसांसमोर मी शेवटचा प्रयत्न केला. "आबा, कालचा ठिपका आठवतोय ना? त्यातली माणसं सहा-सहा महिने वर राहतात. खाली उतरतात तेव्हा बायकापोरं वाट बघत असतात. पण त्यांना आधी हात लावतात ते डॉक्टर. उचलून बाहेर काढतात, तपासतात. पहिलं घर नाही, पहिला डॉक्टर."

"बायकोला भेटू देत न्हाईत?"

"नंतर."

तेवढ्यात चुलीपाशी पुरण वाटत बसलेल्या काकू बोलल्या. मान वर न करता बोलल्या.

"सहा म्हैने मी बी तिथंच व्हते. गाडी आली की तुमच्या आदी मी उठत व्हते. कोयता एकट्या मान्साचा नसतुया, दोघांचा मिळून एक कोयता लागतुया. तुमी एका डोळ्यानं ऊस तोडायचा, आन तुमची आंधळी बाजू मी संबाळायची व्हय? माझं पाय पुरायचं न्हाईत."

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा पुरण वाटायला लागल्या. आबा उठले. पागोटं काढून बाजेवर ठेवलं, खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाले, "चला."

बीड

माझ्या गाडीत पुढे आबा, मागे काकू, रंजना आणि गजरामावशी. माझ्या पायात काकूंच्या प्लास्टिकच्या चपला, कारण सकाळच्या गर्दीत अंगणात ठेवलेल्या माझ्या चपला कुणीतरी आपल्या समजून नेल्या होत्या.

शिवेवर गजरामावशींनी गाडी थांबवायला लावली. उतरल्या, वाकून चिमूटभर माती घेतली आणि आबांच्या टॉवेलाच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली. "ही घे तुजी शीव. ही गाठ सुटली न्हाई तवर तू गावातच हायस." असं पूर्वी कधी केलं होतं का, हे मी विचारलं नाही. पण त्या परत गाडीत बसल्या तेव्हा त्यांनी पुढे वाकून ती गाठ दोनदा ओढून बघितली, यावरून मला वाटतं की हा मार्ग त्यांनी त्याच वेळी काढला. मागे गावात हलगी वाजायला लागली होती. आबांनी काच खाली केली आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत तशीच ठेवली.

मांजरसुंब्याला मी चहाचं विचारलं. कुणालाच नको होता.

बीडमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि दमलेल्या दिसत होत्या. गेरूवरून न रागावता त्या ओल्या कापसाने हलक्या हाताने तो पुसत राहिल्या. गजरामावशी दारातून एकटक बघत होत्या. डोळ्यावर प्रकाश टाकून तपासताना आबांनी टॉवेलाची गाठ मुठीत धरली होती.

"आजोबा, हातात काय हाय?" बाईंनी विचारलं.

"शीव हाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग गाठीकडे. "धरून ठिवा मग," त्या म्हणाल्या. "हलू नका तेवढं."

विषाणू डोळ्यापर्यंत पोचला होता. बुबुळाच्या पृष्ठभागावर त्याच्या खुणा होत्या, पण आत खोलवर शिरलेला दिसत नव्हता. गोळ्या दिल्या, थेंब दिले, पुन्हा कधी यायचं ते सांगितलं. "नजर किती राहील, ते आज सांगता यायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "आज आलात हे लई बरं केलंत." रंजना कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतकी वर्षं आम्ही दोघींनी डबीतल्या पेशींवर माया केली, त्या पेशी कुणाच्या तरी बापाच्या असतात हे त्या दिवशी मला नीट कळलं.

परत पोचलो तेव्हा दिवस कलला होता. काठी देवळात जाऊन टेकली असेल, असं सगळ्यांनी धरलंच होतं. पण शिवेवर माणसं उभी दिसली. हलगीवाला बाभळीखाली बसला होता आणि काठी दोघांनी उभी धरली होती. सकाळी आबांचं ऐकून घेणारा तो दोस्त पुढे आला.

"आमी म्हनलं, उतरल्यावर मान्साला घ्यायला कुनीतरी पायजे," तो म्हणाला.

काकूंनी कुणीतरी आणलेला भाकरतुकडा ओवाळला. आबांनी टॉवेलाची गाठ सोडली, माती जिथली तिथे टाकली आणि एका डोळ्यावर पट्टी बांधून काठीपुढे चालायला लागले. त्यांच्या मागे आम्ही, मी काकूंच्या चपलांत. त्या संध्याकाळी पुरणपोळी मी किती खाल्ली, हेही रंजनाने सगळ्यांना सांगितलेलं आहे.

पुणे

आम्ही परतलो. रंजना दर दिवशी आबांना फोन करायची आणि फोन ठेवल्यावर मला फक्त "दुखतंय अजून" किंवा "सूज उतरली" एवढं सांगायची. नजरेबद्दल तीही विचारत नव्हती, तेही सांगत नव्हते. मग एका संध्याकाळी तिने त्यांना कळवलं की ठिपका पुन्हा गावावरून जाणार आहे. आम्ही प्रयोगशाळेतच होतो. डबी आपली फिरत होती. थोड्या वेळाने फोन वाजला आणि तिने तो मोठ्या आवाजावर टाकला.

"रंजे, म्याडम हायती का तिथं?"

"आहे आबा, बोला," मी म्हणाले.

"डावा डोळा साखरबाईनं हातानं झाकून धरला व्हता," आबा म्हणाले. "गच्च. उजव्यानं बघितलं. जरा धुरकट व्हता, पर दिसला. पार डोंगराच्या पल्याड जाईस्तवर दिसला."

रंजना रडत होती आणि हसत होती. मीही तेच करत होते, त्यामुळे आम्ही दोघीही काही बोललो नाही. आबांना वाटलं फोन कटला.

"हॅलो? म्याडम, एक इचारायचं व्हतं. ती वरची मान्सं जाताना गावची माती बांधून न्हेत्यात का?"

"माहीत नाही हो आबा."

"इचारा जरा," ते म्हणाले. "नसंल न्हेली तर आमच्या शिवेवरची धाडून देतो."